जिज्जीच्या धाकटीला सांगायचं राहिलं

माझी लेक चार दिवसांची असताना आम्ही ती विकली. ओंजळभर कोंड्याच्या मोलाने.

ही वही कोणी वाचणार नाही, तरी नीट सांगते. त्याआधी माझी दोन मुलं गेली होती. पहिला मुलगा नऊ महिन्यांचा होऊन गेला आणि दुसरी मुलगी बारसं व्हायच्या आत. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हाच सासूबाईंनी ठरवलं, की हे मूल आपलं म्हणून ठेवायचं नाही. आमच्या वऱ्हाडाकडची ही रीत. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. ती यायच्या आत मूल दुसऱ्याचं करून टाकायचं, म्हणजे या घरचं नशीब त्याला लागत नाही. मूल सुपात निजवायचं आणि जिची सगळी लेकरं जगली आहेत अशा बाईच्या हाती उंबऱ्यावरून द्यायचं. तिने ओंजळभर कोंडा मोल म्हणून टाकायचा. मग तीच बाई ते मूल सांभाळायला म्हणून पुन्हा त्याच्याच आईकडे ठेवते. सात वर्षं भरली की परत मागून घ्यायचं.

आम्ही तेव्हा वऱ्हाड सोडून हिंदी मुलखात, राइट टाउनच्या कडेला एका आवारात राहत होतो. घरातले, म्हणजे माझे यजमान, कचेरीत कागदांच्या नकला उतरवण्याच्या कामावर होते. आवारात तीन बिऱ्हाडं. आमचं एकटंच मराठी. समोरच्या खोलीत एक बिड्या वळणारी बाई राहत होती. तिला सहा मुलं आणि सहाही धडधाकट. सगळं आवार तिला जिज्जी म्हणे, मीही म्हणू लागले. तिची सहावी, सगळ्यांत धाकटी, माझ्या लेकीपेक्षा चार महिन्यांनी मोठी. तिला मी इथे धाकटीच म्हणते.

जिज्जीने आमच्या उंबऱ्याशी उभं राहून सूप घेतलं, कोंडा टाकला आणि हसत म्हणाली, "लो बहू, अब मोड़ी हमाई. तुम तो बस दूध पिलइयो." मोड़ी म्हणजे त्यांच्या बोलीत पोरगी. सासूबाईही हसल्या. मी आत बाजेवर होते. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. कोणीतरी माझं ओझं उचललं असं वाटलं.

त्याच दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि नेम सांगितले. "आता तू तिची आई नाहीस. दाई समज. ती तुला आई म्हणणार नाही, बाई म्हणन. तिच्यावर रागवायचं नाही, हात उचलायचा नाही. दुसऱ्याच्या लेकराला आपण कशाला रागवू? अन् तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही. ज्याचं लेकरू असते त्याचाच जीव तळमळते. सटवाई तेच पाहून राहते."

मी मान हलवली. मी तशी कोणाला उलट बोलणारी नव्हतेच. चौथीपर्यंत शिकले, पण शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मी उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसे. सासरी तर आणखीच. नेम पाळणं मला सोपं गेलं. रागावण्यापेक्षा न रागावणं, बोलण्यापेक्षा न बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. म्हणून त्या नेमांचा सगळा दोष मी सासूबाईंवर टाकत नाही. ते माझ्या सोयीचेही होते.

ते मी किती पाळले याची आज लाज वाटते. तव्याचा चटका बसला तर मी हात पाण्यात घालून लेकीकडे बघून हसत असे. पायात बाभळीचा काटा गेला तर काढताना तोंड दुसरीकडे. ती चार वर्षांची असताना माझे वडील गेल्याचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. मी ते चुलीपुढे बसूनच वाचलं, लोणच्याच्या बरणीखाली सरकवलं आणि पुन्हा कणीक मळायला घेतली. ती पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. मी तिला कणकेची चिमणी करून दिली. नंतर नळावर बादली लावून, पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. रडायची माझी जागा तीच होती.

म्हणजे माझ्या लेकीने सहा वर्षं दुखावलेला चेहरा घरात पाहिलाच नाही. ती पडली तर आम्ही सगळे हसून टाळ्या वाजवत असू. तिने सासूबाईंच्या हाताला चावा घेतला तर सासूबाई म्हणत, "चाव बाई चाव, तुझे दात शिवशिवून राहिले." तिने काही फोडलं तर मी केरसुणी घेऊन मुकाट्याने झाडून टाकत असे. दुखणं काय असतं, ते दुसऱ्यालाही असतं, हे तिला कळावं असं त्या घरात काहीच नव्हतं.

ते तिने बाहेर जाऊन शोधलं. आणि बाहेर तिला सगळ्यांत जवळ धाकटी होती.

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची असेल. जिज्जीच्या ओसरीवर दोघी बसल्या होत्या. माझ्या लेकीने धाकटीच्या दंडाला चिमटा घेतला, चांगला पिळून. धाकटीने तोंड वासलं. माझी लेक खाली वाकली आणि मान कलती करून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. दूध उतू जातं का म्हणून आपण पातेल्यात डोकावतो ना, तसं. राग नव्हता, खोडी केल्याचा आनंदही नव्हता. रडणं कुठून येतं ते तिला बघायचं होतं.

जिज्जीच्या मांडीवर सुपडं होतं, त्यात जर्दा, म्हणजे बिडीची तंबाखू, आणि तेंदूची कापलेली पानं. तिने ते बाजूला केलं, धाकटीला एका मांडीवर घेतलं आणि माझ्या लेकीला म्हणाली, "आओ, तुम भी आओ." दुसरी मांडी तिला दिली.

मी संध्याकाळी तिला म्हटलं, "जिज्जी, तुम रागाओ उसको. तुम्हारा हक है." माझी हिंदी अशीच होती.

ती म्हणाली, "मोल लई है तो का पीट डारें? तुमाई सास हमें आवार में न रहन देहे." आणि हसली. तेही खरंच होतं. कोंड्याने मूल तिचं झालं, पण आम्ही कचेरीवाले आणि ती बिड्या वळणारी, हे काही बदललं नव्हतं. अशा रीतीने त्या पोरीला नको म्हणायचं काम मी तिच्यावर ढकललं आणि तिने ते माझ्याकडे परत दिलं. मध्ये कोणी उरलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं चिमटे, ओरखडे, केस ओढणं चालूच होतं. आवारातली बाकीची मुलं तिच्याशी खेळेनाशी झाली. धाकटी तेवढी खेळत राहिली. ती फार मऊ होती. माझ्या लेकीच्या हातून पोळीचा तुकडा पडला तर आपला अर्धा द्यायची. तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. सहा लेकरांच्या घरात रोज कोणीतरी रडतं, कोणीतरी समजूत घालतं, त्यातूनच आलं असेल.

आता ज्यासाठी ही वही उघडली ते लिहिते.

लेक सहा वर्षांची झाली होती. अगहनाचे दिवस होते, आपला मार्गशीर्ष. मी स्वयंपाकघरात भाजी ढवळत होते. आमच्या स्वयंपाकघराला एक लहान खिडकी होती, तिच्यातून जिज्जीची ओसरी दिसे. जिज्जी आत गेली होती. धाकटी बिड्यांना दोरा बांधत होती. या वयात त्यांच्यातल्या मुली एवढं काम करतातच. माझ्या लेकीने सुपड्यातला जर्दा मुठीत घेतला, बारीक, खालचा भुगा, आणि धाकटीला म्हणाली, "इधर देख." धाकटीने वर पाहिलं. लेकीने मूठ तिच्या डोळ्यांवर उघडली.

त्या किंकाळीने आवार गोळा झालं. सासूबाई गेल्या, जिज्जी धावत आली, तिसऱ्या बिऱ्हाडातली म्हातारीही आली. धाकटी जमिनीवर लोळत होती. माझी लेक शेजारी उकिडवी बसून मान कलती करून बघत होती.

"का भओ? कौने करो?" जिज्जीने विचारलं.

माझी लेक शांतपणे म्हणाली, "इसने अपने हाथ से आँख मल ली."

ते पटण्यासारखं होतं. जर्द्याचे हात डोळ्याला लावू नका म्हणून जिज्जी रोज ओरडायची. तिने धाकटीचे डोळे पाण्याने धुतले आणि धुता धुताच तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. "कित्ती बेर कही है. कित्ती बेर." धाकटी रडत होती, बोलत काहीच नव्हती. हुंदक्यांमुळे तिला बोलता येण्यासारखं नव्हतंच.

मी खिडकीत पळी घेऊन उभी होते. मी सगळं पाहिलं होतं. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पहिल्यांदा मनात आलं, एवढ्या लोकांत कशी बोलू. मग आलं, नेम मोडेल, सात वर्षं भरायला अजून अकरा-बारा महिने आहेत. ही दोन्ही कारणं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितली. पण तिसरं कारण होतं, आणि खरं तेच होतं. धपाटा माझ्या लेकीच्या पाठीत बसला नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. मी भाजीकडे वळले. भाजी खाली लागली होती.

धाकटीचे डोळे पंधरा दिवस लाल होते. धर्मार्थ दवाखान्यात रोज धुवायला न्यावं लागे. ती ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओलं फडकं घेऊन बसे. मी रोज वाटीभर दूध पाठवत असे. सासूबाई म्हणाल्या, "तुझा हात फार सैल आहे." जिज्जी म्हणाली, "बहू को जी बड़ो अच्छो." माझ्या मनाचं हे कौतुक ऐकून मी दूध पाठवणं बंद केलं. तेव्हाही बंद केलं, बोलले नाही.

डोळे बरे झाले. पण माझ्या लेकीला एक नवीन गोष्ट कळली होती, की धाकटीवर घातलं म्हणजे चालतं. पुढच्या तीन-चार महिन्यांत आवारात जे काही सांडलं, फाटलं, हरवलं, ते धाकटीच्या नावावर गेलं. जिज्जी तिला मारायची आणि मग म्हणायची, "जा मोड़ी को का हो गओ, पहले तो ऐसी न हती." मी खिडकीतून ऐकायची.

चैत्रात सासूबाईंनी कुरडया घातल्या. बाजेवर लुगडं पसरून अंगणात वाळत ठेवल्या होत्या. दुपारी बघतात तो लुगड्याचं टोक ओढून सगळ्या कुरडया मातीत. हे माझ्या लेकीचं काम होतं. मी पाहिलं नव्हतं, पण तिच्या फ्रॉकला पीठ लागलेलं होतं. सासूबाई अंगणात उभ्या राहून ओरडू लागल्या, "कोण मेलं होतं इकडं? किसने किया?" त्याच वेळी धाकटी डोक्यावर लहानशी घागर घेऊन नळावरून आवारात शिरली. ती थांबली. मातीतल्या कुरडयांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "हमसे हो गओ, अम्मा."

ती तर आत्ता आली होती. घागर अजून डोक्यावरच होती.

सासूबाई म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं." जिज्जीने येऊन तिचा कान धरला आणि ओढत नेलं. घागरीतलं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

थोड्या वेळाने माझी लेक स्वयंपाकघरात आली. मी डाळ निवडत होते. ती माझ्यापुढे उभी राहिली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कपाळाला आठी होती.

"बाई, ती काहून म्हणून राहिली का तिनं केलं?"

मी निवडत राहिले.

"तिनं नाही केलं. मी केलं. ती तर नळावर होती. मग ती काहून म्हणते, बाई?"

तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. सहा वर्षांत पहिल्यांदा माझी लेक दुसऱ्याच्या मनात काय चाललं आहे ते विचारत होती. कोणी शिकवलं नसताना तिने स्वतःहून ते दार ढकललं होतं. मी नुसतं म्हणायला हवं होतं, की ती मार खाऊन खाऊन भ्यायली आहे, चल, आपण जाऊन सांगू. मूल दुसरं काय मागत होतं?

मी म्हटलं, "गप बस. आजीच्या कानावर जाईल." आणि डब्यातला गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला.

तिने तो खाल्ला. आठी गेली. ती खेळायला गेली.

मुलं खोडकर निघाली की लोक वाईट संगत म्हणतात, नाहीतर घराण्यात कोणाचा स्वभाव होता ते शोधतात. मला तसं म्हणता येत नाही. माझ्या लेकीची संगत आवारातल्या सगळ्यांत चांगल्या मुलीची होती. आणि गुळाचा खडा मी दिला.

चार-पाच दिवसांनी मी ओसरीवर धुणं वाळत घालत होते. मागच्या बाजूने लेकीचा आवाज आला. "अब मैं ये तोड़ती हूँ. तू बोल, मैंने किया." मातीचं काहीतरी फुटलं. मग धाकटीचा आवाज, अगदी पाठ म्हटल्यासारखा, "हमने करो." "फिर बोल." "हमने करो." मग माझी लेक हसली.

तिला प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर मी दिलं नाही, तर त्याचा तिने खेळ केला होता.

मी धुणं तसंच टाकलं. सासूबाई त्या दिवशी देवळात कथेला गेल्या होत्या, हेही खरं सांगायला हवं. त्या घरी असत्या तर मी गेले असते की नाही, सांगता येत नाही. मी मागे जाऊन लेकीचा हात धरला. धाकटी खापऱ्या वेचून टाकायला उकिरड्याकडे गेली होती. मी लेकीला घेऊन जिज्जीच्या ओसरीवर चढले.

जिज्जी पानं कापत होती. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने कातर फिरवायची. तिने वर पाहिलं नाही. "बैठो बहू."

मी बसले नाही. म्हटलं, "जिज्जी, वो जर्दा... आँख में... मेरी लड़की ने डाला था."

कातर फिरत होती. "कौन जर्दा?"

"अगहन में. वो पंधरा दिन आँख..."

कातर थांबली.

"मैंने देखा था. खिडकी से," मी म्हटलं. "कुरडया भी इसने गिराया. सब इसने. तुम्हारी लड़की ने कुछ नहीं किया." एवढं बोलले आणि मला रडू आलं. आलं म्हणजे कोसळलंच. सहा वर्षं नळाखाली रडले होते, ते असं उघड्यावर कसं आवरतात हे मला ठाऊक नव्हतं. मी पदर तोंडात धरून उभी राहिले.

जिज्जीने आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम खिड़की में ठाड़ी हतीं."

मी मान हलवली.

"हम मोड़ी को मारत रहे, और तुम देखत रहीं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिने कातर खाली ठेवली. "अगहन, पूस, माघ, फागुन, चैत," बोटांवर महिने म्हणून दाखवले. "हमने कित्तो मारो ऊको."

मी काहीतरी म्हणाले. माफ करा असंच असेल.

"हमसे का कहतीं, बहू. मार हमने तो नईं खाई. मोड़ी से कओ."

मी म्हटलं, "हाँ. कल बोलूंगी."

तेवढ्यात माझा पदर कोणीतरी ओढला. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने पायांच्या चवड्यांवर उभं राहून माझ्या गालाला बोट लावलं आणि ते ओलं बोट बघितलं.

"बाई, तुला काय झालं?"

"दुखून राहिलं," मी म्हटलं.

"कुठं?"

शेवटी म्हटलं, "धाकटीला मार बसला ना, म्हणून दुखते."

"पण मार तर तिला बसला."

"हो. तरी मला दुखते."

घरी येईपर्यंत ती आपलं ओलं बोट बघत होती. जेवतानाही मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकटीशी बोलायचं मनात जुळवत होते. हिंदी वाक्य दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. मोठ्या बाईने एवढ्याशा पोरीपुढे जाऊन काय म्हणायचं, कोणी ऐकलं तर काय, असं चाललं होतं. तोवर खिडकीतून दिसलं, की माझी लेक एकटीच ओसरीवर गेली आहे. धाकटी झाडत होती. लेक तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जर्दा मैंने डाला था. तूने नहीं किया. कुरडया भी तूने नहीं किया."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने झाडू टाकला आणि दोन्ही हातांनी माझ्या लेकीला जोरात ढकललं. लेक धप्पकन बसली. मला वाटलं आता रडत येईल, नाहीतर उठून चावेल. ती तिथेच मातीत बसून राहिली. आत जिज्जी दारात उभी होती, तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. मीही बोलले नाही. त्या एका वेळेपुरतं माझं न बोलणं बरोबर होतं असं मला वाटतं.

धाकटी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. मग बोलू लागली. माझी लेक एका दिवसात शहाणी झाली असं नाही. त्यानंतरही तिने चिमटे काढले, एकदा तिसऱ्या बिऱ्हाडातल्या म्हातारीची काठी लपवली. पण आता ती समोरच्याच्या तोंडाकडे बघायची आणि बघता बघता तिचं स्वतःचं तोंड बदलायचं. कधी आपणच जाऊन सांगायची, "मी केलं." आणि जिज्जीने त्या दिवसापासून आपला हक्क घेतला. माझ्या लेकीला ती आपल्या मुलांसारखी रागवू लागली, कान धरू लागली. सासूबाई कुरकुरल्या तेव्हा म्हणाली, "अम्मा, तुमनेई तो दई हती." मला नेहमी वाटत आलं आहे, की माझ्या लेकीला माणूस जिज्जीने केलं, आणि ती स्वतः झाली. मी फक्त एकदा तिच्यासमोर रडले.

मी रडल्याचं सासूबाईंना तिसऱ्या बिऱ्हाडातून कळलं. त्या मला काही म्हणाल्या नाहीत, पण त्यांचं तोंड पांढरं झालं. सात वर्षं भरेपर्यंत आम्ही दोघी त्या पोरीला डोळ्यांत तेल घालून जपत होतो. ती शिंकली तरी मी उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायची. तिला काही झालं नाही. कार्तिकात सात वर्षं भरली, आम्ही तिला मागून घेतली, सासूबाईंनी जिज्जीला लुगडं नेसवलं. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत, नेमामुळे पोर जगली. मी मनात म्हणे, नेम तर चैत्रातच मोडला होता आणि ती जगली. मग धाकटीने तो मार कशासाठी खाल्ला?

आणि कल बोलूंगी म्हटलं होतं, ते मी बोलले नाही.

आधी वाटलं, लेकीने सांगितलंच आहे. मग वाटलं, दोघी खेळू लागल्या, आता जुनं कशाला उकरा. मग पुष्कळ दिवस गेले म्हणून आणखी लाज वाटू लागली. आपल्याला हिंदी धड येत नाही, भलतंच काही बोलून बसू, असंही वाटे. धाकटी आमच्या घरी येई, मी तिच्या हातावर खायला ठेवी. ती दोन्ही हातांनी घेई आणि माझ्याकडे बघे. त्या दिवशी खिडकीतून बघणारी बाई मीच होते, हे तिला ठाऊक होतं का? जिज्जीने तिला सांगितलं होतं का? जिज्जीने मला पुन्हा कधी विचारलं नाही. पण बहू को जी बड़ो अच्छो, हेही ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

तेराव्या वर्षी धाकटीचं लग्न झालं. त्याच गावात, कांचघर नावाच्या मोहल्ल्यात दिली. पुढे जिज्जी एकदा बोलता बोलता म्हणाली, सासरचे फार खूश आहेत, घरात कोणाच्याही हातून काही पडलं-फुटलं तरी पोरगी आपल्याच अंगावर घेते, कोणाला बोलू देत नाही. जिज्जी हे कौतुकाने सांगत होती की काय, तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

पाठवणीच्या दिवशी सगळं आवार रडत होतं. माझी लेक तर अशी रडली की तिला धरावं लागलं. धाकटी सगळ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापाशी आली. वाकली, उठली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. मी त्या डोळ्यांकडे पाहिलं. आता बोलायचं, हे मला कळत होतं. टांगेवाला घाई करत होता.

मी म्हटलं, "ठीक से रहना."

ती थोडी थांबली. ती माझ्यासाठी थांबली होती की लुगडं सावरत होती, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मग ती टांग्यात बसली.

कांचघर काही दूर नाही. त्यानंतर कितीदा मनात आलं, टांगा करावा आणि जाऊन यावं. दर वेळी काहीतरी निघालं. मागच्या वर्षी जिज्जी वारली, तेव्हा धाकटी आली होती, कडेवर मूल होतं. आवारात माणसं फार होती. मी खिडकीतून पाहिलं.

म्हणून इथे लिहून ठेवते. तेरे आँख में जर्दा मेरी लड़की ने डाला, मैंने देखा, और मैं चुप रही. लिहायला बसले तर एका ओळीचं निघालं. एवढी हिंदी मला तेव्हाही येत होती.